बुलढाण्यातली नवी बेल

एका दैनिकाच्या रविवार पुरवणीत मी बरीच वर्षं एक सदर संपादित करत असे. जगातली अशी शहरं, जी पाहण्यासारखी आहेत पण जिथे फारसं कोणी जात नाही: गेंट, ल्युब्लियाना, त्रिएस्त, लाइप्झिग. काही मी स्वतः पाहिली, काहींवर इतरांनी लिहिलं. निकष ठरलेले होते. हवा, खाणं, पायी हिंडता येतील असे रस्ते, दोन-तीन प्रेक्षणीय ठिकाणं आणि गर्दीचा अभाव. निवृत्त झाल्यावर या अनुभवाचा कोणाला उपयोग होईल असं वाटलं नव्हतं. धाकट्या बहिणीने तो करून घेतला.

तिची मुलगी अनुजा आणि बुलढाण्याचा राहुल इंगळे यांची पुण्यात शिकत असताना ओळख झाली. राहुल दातांचा डॉक्टर आहे. लग्नाला दोन्ही घरांची हरकत नव्हती. अडचण एकच होती. राहुलने बुलढाण्यात दवाखाना टाकला आहे आणि तो सोडून तो पुण्याला येणार नाही. अनुजाचं काम संगणकावरचं, कुठूनही करता येणारं. तिला बुलढाण्यात राहवेल का, एवढंच ठरायचं होतं. ती गाव पाहायला जाणार होती. सोबत मी जावं असं बहिणीने ठरवलं. "मुलगा आम्ही पाहिला आहे. तू जगभरची शहरं पाहिलीस, आता एक जिल्ह्याचं ठिकाण पाहून ये," असं ती म्हणाली. डिसेंबरचा महिना होता.

रेल्वेत अनुजाने तिचा स्वतःचा निकष सांगितला. ती दोन वर्षं लाइप्झिगमध्ये होती. ते शहर तिने माझ्या सदरात वाचून निवडलं होतं. हवा, रस्ते, बागा, सगळं मी छापलं होतं तसंच निघालं. पण शेजारच्या फ्लॅटमधल्या बाईंचं नाव तिला दोन वर्षांत कळलं नाही. आजारी पडली तेव्हा सूप करून देणारं कोणी नव्हतं. आता तिला फक्त इतकंच पाहायचं होतं, की इंगळ्यांच्या घरी कोण येतं-जातं. "हे राहुलला सांगू नकोस, मावशी," ती म्हणाली. "सांगितलं तर ते माणसं गोळा करून आणतील." मी सांगणार नव्हते. वार्ताहराने बातमीत हात घालायचा नसतो, हे मी इतरांना शिकवत आले होते.

शेगाव ते बुलढाणा

बुलढाणा शहरात रेल्वे जात नाही. आम्ही शेगावला उतरलो. राहुलचे वडील भास्करराव गाडी घेऊन आले होते. जयभीम झाला, सामान त्यांनी आमच्या हातातून काढून घेतलं आणि स्टेशनबाहेर कचोरीच्या दुकानाशी थांबवलं. शेगावची कचोरी तळहाताच्या मध्यभागी मावते. आत मुगाच्या डाळीचं तिखट सारण, सोबत तळून मीठ लावलेली मिरची. अनुजाने तीन खाल्ल्या. भास्करराव समाधानाने पाहत होते, पण स्वतः बोलताना जपून बोलत होते. "आपण प्रवासाने थकला असाल," असं ते मला दोनदा म्हणाले. हे वाक्य त्यांनी घरून तयार करून आणलं असावं, असं वाटलं.

ते एसटीतून चालक म्हणून निवृत्त झाले आहेत. खामगाव सोडल्यावर बोथ्याचं जंगल लागतं आणि रस्ता घाट चढू लागतो. सागाची पानं पिकून तांबूस झाली होती. दोन नीलगायी रस्त्याकडेला उभ्या होत्या. भास्कररावांची गाडी वळणांवर जराही हलत नव्हती. मात्र हात दाखवणारा माणूस दिसला की त्यांचा पाय आपोआप ब्रेककडे जाई आणि ते तो मागे घेत. घाटाच्या वर एक धोतरवाले गृहस्थ ओळखीचे असावेत. त्यांनी नाव घेऊन हाक मारली. भास्करराव सरळ पुढे पाहत राहिले आणि गाडी पुढे गेल्यावर आरशातून त्यांच्याकडे बघत राहिले. मागची एक जागा रिकामी होती. याची मी मनात नोंद घेतली.

घाट चढून वर आलं की हवा बदलते. बुलढाणेकर जिल्ह्याचे दोन भाग करतात, घाटावरचा आणि घाटाखालचा. घाटाखाली उन्हाळ्यात अंग भाजतं, वर संध्याकाळी शाल लागते. शहर पठारावर मोकळं पसरलेलं आहे. जुने सरकारी बंगले, मोठी झाडं, चढउताराचे रस्ते, कडेला बाजरीच्या भाकरीचे फलक. ल्युब्लियानाला मी चालण्यासाठी जेवढे गुण दिले होते, तेवढे बुलढाण्याला द्यायला माझी हरकत नव्हती.

इंगळ्यांचं घर एका गल्लीच्या टोकाला आहे. पुढे ओटा, ओट्यावर पेरूचं झाड झुकलेलं. दारावर नवी बेल होती. बटणावरचा प्लास्टिकचा कागद अजून काढलेला नव्हता. हॉलमध्ये बुद्धाची पितळी मूर्ती, टीपॉयवर नवं कापड. राहुलची आई शोभाबाई, माहेरच्या वरवट बकाल गावच्या, त्यांनी अनुजाला जवळ घेतलं आणि लगेच सोडलं. जेवणात हॉटेलातून आणलेलं पनीर आणि मंचुरियन होतं. सगळे हळू बोलत होते. जेवण झाल्यावर शोभाबाईंनी पुढचं दार लावून घेतलं. ओट्यावर चार प्लास्टिकच्या खुर्च्या एकावर एक रचून ठेवलेल्या मी येताना पाहिल्या होत्या.

रात्री झोपण्याआधी अनुजा म्हणाली, "घर छान आहे. माणसं चांगली आहेत. पण कोणी आलं नाही."

लोणार

शनिवारी लोणार पाहायचं ठरलं होतं. चिखली, मेहकर अशी वाट. दोन्ही बाजूंना तूर पिवळी होऊन उभी होती, मध्येमध्ये हरभऱ्याचे हिरवे पट्टे. लोणार गावातून आपण चालत जातो, सगळं नेहमीसारखं असतं, आणि मग एकदम जमीन संपते. खाली प्रचंड वाटोळा खड्डा, त्याच्या भिंतींवर दाट झाडी, तळाशी हिरवट पाण्याचं सरोवर. आकाशातून पडलेल्या दगडाने हे केलं, ही माहिती शाळेत पाठ केलेली असते. काठावर उभं राहिलं की ती माहिती पहिल्यांदा खरी वाटते. युरोपातल्या एखाद्या छोट्या शहराकडे असं काही असतं तर त्यांनी विमानतळ बांधला असता. इथे काठावर आम्ही, एका शाळेची सहल आणि बोरं विकणारी एक बाई, एवढेच होतो.

पायवाटेने खाली उतरलो. बाभळी, मोर, पडझड झालेली काळ्या दगडांची देवळं. पाण्याजवळ खाऱ्या चिखलाचा उग्र वास येतो आणि थोड्या वेळाने त्याची सवय होते. राहुल चांगला वाटाड्या होता. अनुजा आणि तो पुढे, आम्ही तिघं मागे. शोभाबाईंनी सकाळी उठून सँडविच केली होती, कडा कापून, चंदेरी कागदात गुंडाळून. एका देवळाच्या पायरीवर पिशवी ठेवली. तिथे वानरांचा कळप होता. एका मोठ्या वानराने शांतपणे येऊन पिशवी उचलली, वर फांदीवर जाऊन कागद सोडवला, एक सँडविच हुंगलं आणि खाली टाकून दिलं. मग दुसरंही टाकलं. काकडी तेवढी काढून खाल्ली.

"वांदरालेबी नाही आवडलं," भास्करराव म्हणाले. शोभाबाईंनी त्यांच्याकडे असं पाहिलं की ते लगेच शुद्ध मराठीवर येत "माकडांनी नुकसान केलं" असं म्हणाले. अनुजा पायरीवर बसून पोट धरून हसत होती.

भुकेल्या पोटी मेहकरला पोचलो. बसस्थानकाजवळच्या खानावळीत तुरीच्या ओल्या दाण्यांची आमटी, ज्वारीची भाकर, हिरव्या मिरचीचा ठेचा आणि कांदा मिळाला. ओल्या तुरीचे दाणे वाटून केलेली ती आमटी दिसायला मातकट आणि चवीला गोडसर असते, मागून लसणाचा झणका येतो. पुण्यात हे कितीही पैसे मोजले तरी मिळत नाही. अनुजाने तिसरी भाकर मागितली तेव्हा शोभाबाई चकित झाल्या. "तुम्हाला हे चालतं?" त्यांनी मला हळूच विचारलं. मी चालतं म्हणाले. घरी सोलून ठेवलेले तुरीचे दाणे फ्रिजमध्ये मागे लपवले आहेत, असं त्यांनी मग सांगितलं.

परतताना गाडीत सगळे मोकळे झाले होते. शहराच्या वेशीवर पोचलो, गल्लीत वळलो, आणि पुन्हा आवाज खाली आले. गल्लीत एकही माणूस नव्हता. शनिवारची संध्याकाळ, उजेड अजून होता, तरी कुठल्याच ओट्यावर कोणी बसलेलं नाही. समोरच्या घराचा पडदा हलला आणि थांबला.

त्या संध्याकाळी अनुजा गच्चीवर माझ्याजवळ येऊन बसली. लोणार तिला फार आवडलं होतं. राहुल तर आवडतच होता. "पण मावशी, दोन दिवस झाले. या घराचं दार कोणी उघडलं नाही. लाइप्झिगला निदान कुरिअरवाला तरी यायचा." सोमवारी निघण्याआधी राहुलला काय ते सांगायचं, असं तिने ठरवलं होतं. काय सांगणार ते तिच्या आवाजावरून कळत होतं. खाली अंगणात राहुल नळाच्या तोटीशी गुंतला होता. त्याने वर पाहून हात हलवला. अनुजानेही हलवला, पण ती हसली नाही.

येळगाव

रविवारी सकाळी मी एकटीच फिरायला निघाले. धुकं होतं. गल्लीच्या कोपऱ्यावर एक बाई अंगण झाडत होत्या. मला पाहताच त्या झाडू घेऊन आत वळल्या. मी नमस्कार केला, तेव्हा त्यांना थांबावं लागलं.

"तुमी पुन्याच्या पाहुण्या नं," त्या म्हणाल्या. "मले तुमच्यासंग बोलाची मनाई हाय."

"ती का?"

"शोभीनं सांगतलं. सोमवारपरेंत कोणी तिकडं फिरकू नका. पुन्याच्या लोकायले गलका जमत नाही म्हने." इकडेतिकडे पाहून त्या फाटकापाशी आल्या. "शुक्रवारी सांबारवड्या केल्या होत्या पोरीसाठी. भिंतीपरेंत गेली अन् वापस आली. तिनं खिडकीतून असा हात केला. म्या बावीस वर्सं त्या घरात चहा पेली, कवा दार वाजवलं नाही. अन् आता मलेच हात करून राह्यली!"

त्यांचं नाव सुशीलाबाई. सांबार म्हणजे इकडे कोथिंबीर. वड्या त्यांनी मला आतून आणून दिल्या, शिळ्या झाल्या म्हणून कुरकुरत. बेसनाच्या पारीत गच्च भरलेली कोथिंबीर, वर भाजलेली खसखस. मी दोन उभ्याने खाल्ल्या. मुलगी कशी आहे, हे त्यांनी मला चार वेगवेगळ्या पद्धतींनी विचारलं.

परत येताना मी विचार केला, हे अनुजाला सांगावं का. एका माणसाकडून कळलेली गोष्ट दुसरीकडून पडताळल्याशिवाय छापत नाहीत. शिवाय ही माझी बातमी नव्हती. मी गप्प राहिले, आणि ते मला सोपं गेलं नाही.

दुपारी येळगावला इंगळ्यांच्या शेतात रोडगे करायचे होते. पैनगंगेवरचं येळगावचं धरण जवळच आहे. हा कार्यक्रम राहुलने हट्टाने ठरवला होता. आईचा विरोध होता. शेतात धुळीत पाहुण्यांना कुठे बसवायचं, असं त्यांचं म्हणणं होतं.

रोडगे पुरुष करतात. भास्करराव शर्टाच्या बाह्या दुमडून बसले आणि तीन दिवसांत पहिल्यांदा आपल्या जागी आल्यासारखे दिसले. जाडसर दळलेलं गव्हाचं पीठ, मीठ, ओवा, तेल. लहान लहान पुऱ्या लाटून एकावर एक तेल लावून ठेवायच्या, मग वरून एका मोठ्या पोळीत बांधून चेंडूसारखा गोळा करायचा. शेजारी गोवऱ्यांचा ढीग पेटवलेला. जाळ बसला की निखारे पसरून त्यात गोळे ठेवायचे, वरून राख ओढायची. दुसऱ्या चुलीवर वांग्याची भाजी रटरटत होती. राहुल गोळे वळत होता, अनुजा त्याच्याजवळ बसून शिकत होती. तिचे गोळे फुटत होते. धरणावरून गार वारा येत होता, आणि धूर सगळ्यांच्या डोळ्यांत जात होता.

मी मोकळी होते. माझं लक्ष निखाऱ्यांकडे गेलं. गोवऱ्यांचा पट्टा बैलगाडीएवढा लांब होता. रोडगे ओळीने लावले जात होते आणि परातीतलं पीठ संपत नव्हतं. भाजीचं पातेलं दोघांनी उचलावं एवढं होतं. जेवणारे आम्ही पाच.

प्रश्न विचारायला वार्ताहराला मनाई नसते. मी भास्कररावांना विचारलं, "हे किती जणांचं आहे?"

त्यांनी निखाऱ्यांकडे पाहिलं. जणू पहिल्यांदाच पाहत होते. मग बायकोकडे पाहिलं. शोभाबाईंनी कपाळाला हात लावला. "तुमाले सांगतलं होतं, पाच मानसं हायेत."

"हात तसाच पडते नं," भास्करराव म्हणाले. "पाच मानसायचे रोडगे म्या कवा केले?"

"मग कितींचे करता?" अनुजाने विचारलं.

"गल्लीचे," राहुल म्हणाला. मग तोही आईकडे पाहू लागला. रोडगे म्हटले की सगळे येतात, यावेळी का येणार नाहीत, हे त्याने सकाळीच विचारलं होतं आणि त्याला धड उत्तर मिळालं नव्हतं.

आता शोभाबाईंना सांगावंच लागलं. लहानशी गोष्ट होती. राहुलने त्यांना एकदा सांगितलं होतं की अनुजा परदेशात दोन वर्षं एकटी राहिली. त्यांना वाटलं, मुलीला एकांताची सवय आहे. त्यांच्याकडे तर सकाळी डोळा उघडायच्या आत कोणीतरी साखर मागायला आत आलेलं असतं. मुलगी घाबरून परत जाईल. म्हणून त्यांनी घरोघर जाऊन सांगितलं, चार दिवस येऊ नका. रस्त्यात हाक मारू नका. खुर्च्या उचलल्या, दार लावलं, बेल बसवली. गल्लीने ऐकलं. सुशीलाबाई रुसल्या, पण त्यांनीही ऐकलं.

"तुले त्रास होऊ नये म्हून केलं, बाई," त्या म्हणाल्या. तीन दिवस जपलेली भाषा त्यांनी आता सोडून दिली होती. "मले दोन दिवस झाले, घर खायले उठते."

अनुजाने हाताचं पीठ झटकलं. तिचा चेहरा धुराने लाल झाला होता, आणि केवळ धुराने नव्हे. "काकू, मी दोन वर्षं कोणी यावं म्हणून दाराकडे बघत होते," ती म्हणाली. "इथेही तीन दिवस तेच केलं. बोलवा ना त्यांना."

भास्कररावांनी फोन काढला. "सुशीला, सगळ्यायले घेऊन ये. कुठं हायेस?" पलीकडून काय उत्तर आलं ते त्यांचा चेहरा सांगत होता. त्यांनी फोन खाली घेतला. "धरनाच्या भिंतीवर बसून हायेत," ते म्हणाले. "धूर पाहून राह्यले कवापासून."

पहिला टेंपो रोडग्यांवरची राख झटकायच्या आत आला. माणसं घरून ताटं-वाट्या घेऊन आली होती. मग दुचाक्या. घाटावर ज्यांच्यासाठी गाडी थांबली नव्हती ते धोतरवाले गृहस्थही त्यात होते. त्यांनी भास्कररावांना "काऊन बे, मेला होतास का?" असं विचारून पातेल्याचा ताबा घेतला. पळसाच्या पत्रावळी मांडल्या गेल्या. रोडगा फडक्याने पुसून हाताने फोडायचा, तो थरांमध्ये उकलतो, त्यावर तूप ओतायचं आणि वांग्याच्या भाजीत चुरायचा. बाहेरून खरपूस, आत मऊ, राखेचा किंचित वास. सदराच्या सगळ्या वर्षांत मी यापेक्षा चांगलं जेवण कुठे नोंदवलेलं आठवत नाही.

पुण्यात पाहुण्याला एकदा विचारतात. इथे विचारत नाहीत, वाढतात. मी पत्रावळीवर हात आडवा धरला, तर तूप हातावर ओतलं गेलं. अनुजाला बायकांनी मध्ये घेतलं होतं. पगार किती, स्वयंपाक येतो का, एवढी बारीक काऊन, सगळं विचारून झालं. सुशीलाबाई जरा दूर बसल्या होत्या. शोभाबाईंनी स्वतः उठून त्यांच्या पानात रोडगा वाढला. दुसरा रोडगा वाढला तेव्हा सुशीलाबाई म्हणाल्या, "तूप घाल तं खरं."

बुलढाणा, निघताना

सोमवारी आमची परतीची गाडी दुपारी मलकापूरहून होती. राजूरचा घाट उतरून तिथे पोचायचं होतं. सकाळी आम्ही चहा घेत होतो. अनुजाने राहुलला अजून काही सांगितलं नव्हतं. तो कपात पाहत होता. शोभाबाई स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज न करता काम करत होत्या आणि त्यांचे कान हॉलमध्ये होते. चार दिवसांच्या सवयीने की काय, पुढचं दार आजही लावलेलं होतं.

अचानक घरात चिमण्या किलबिलू लागल्या. खूप मोठ्याने. भास्करराव उठले, त्यांनी माळ्यावर पाहिलं, मग पंख्याकडे. "पाखरू शिरलं कुठून?" शोभाबाई झाडू घेऊन बाहेर आल्या. किलबिल थांबली आणि पुन्हा सुरू झाली. बेल बसवली त्या दिवशी वीज नव्हती, त्यामुळे ती वाजवून कोणी पाहिली नव्हती. घरातल्या कोणालाच तिचा आवाज माहीत नव्हता.

ओळखला तो अनुजाने. तिने जाऊन दार उघडलं. बाहेर सुशीलाबाई, हातात झाकलेलं ताट, दुसऱ्या हाताचं बोट अजून बटणावरच्या प्लास्टिकवर.

"घंटी वाजवून याव लागते म्हने तुमच्याकडं," त्या म्हणाल्या. "वाजवली."

अनुजाने त्यांच्या हातातलं ताट घेतलं. "पुढच्या वेळी नका वाजवू," ती म्हणाली.

राहुलने कप खाली ठेवला. स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी होत होती, आणि गॅस बंद करायला कोणीही गेलं नाही.

मलकापूरच्या फलाटावर बहिणीचा फोन आला. गाव कसं आहे, तिने विचारलं. मी नेहमीच्या क्रमाने सांगितलं. हवा उत्तम. खाणं उत्तम. रस्ते चालण्याजोगे, चढउताराचे. जवळ लोणार. आणि गर्दी? तिने विचारलं. गर्दी आहे, मी म्हणाले, अनुजा फलाटावर त्या गर्दीतच उभी आहे. गल्लीतले दोन टेंपो आम्हाला सोडायला घाट उतरून आले होते.